पोथीतल्या आद्याक्षरांत दडलेला मंत्र: मुद्दाम गुंफलेला की योगायोग, हे कसं तपासायचं?

कसबा_पत्र (पुणे)

एक ओवीबद्ध पोथी तपासतो आहे. शिळाछाप (दगडावरून छापलेली), सुटी पत्रं (पानं), पाच अध्याय, हाताशी ४१२ ओव्या. शेवटची दोन पत्रं गहाळ आहेत. त्यामुळे नाममुद्रेची (कर्त्याचं नाव गुंफलेली) ओवीही नाही आणि छापखान्याचा मजकूरही नाही. अध्यायांच्या पुष्पिकांमध्ये (समारोपाच्या ओळींमध्ये) ग्रंथनाम येतं, कर्त्याचं नाव कुठेच येत नाही.

दुसऱ्या अध्यायात ७३ ओव्या आहेत. त्यातल्या पहिल्या १३ ओव्यांची आद्याक्षरं ओळीनं लिहिली की असं दिसतं:

वो – न – मो – भ – ग – जै – व – ते – वा – सु – दे – वा – य

म्हणजे ‘ॐ नमो भगवते वासुदेवाय’ जवळजवळ पूर्ण आहे. पण सुरुवातीला ॐ नाही, ‘वो’ आहे, आणि ‘ग’नंतर ‘जै’ मध्येच आला आहे.

दुसरं म्हणजे चौथ्या अध्यायात शेवटाकडून उलट येत दर तिसरी ओवी घेतली तर एका ठिकाणी ग-व-द ही अक्षरं सलग येतात. ‘गोविंद’ हे कर्त्याचं नाव असू शकेल का?

अशा आद्याक्षरी रचना शोधायची शिस्तशीर पद्धत काय? अक्षर कुठपर्यंत धरायचं, मात्रा मोजायची की नाही, आणि योगायोग कुठे संपतो हे कसं ठरवायचं? सगळ्या ४१२ ओव्या टंकून घ्यायची तयारी आहे.

---

पाठभेद

कसबा_पत्र, तुमच्या दोन निष्कर्षांतला पहिला फार मोलाचा दिसतो. दुसरा बहुधा सोडून द्यावा लागेल. त्याचं गणित कुणीतरी मांडेलच, मी पहिल्यावर लिहितो.

सुरुवात ‘वो’पासून. जुन्या मराठी लेखनात शब्दारंभीचा ‘ओ’ सर्रास ‘वो’ असा लिहितात आणि ‘ए’ हा ‘ये’ असा. वोवी, वोळखणे, येक, येकनाथ ही रूपं कुठल्याही हस्तलिखितात भेटतात. म्हणून ‘वो’ म्हणजे ‘ओ’, आणि मंत्राचं पहिलं अक्षर ‘ओं’ जागेवर आहे. ही सवलत तुमच्या सोयीसाठी निर्माण केलेली नाही, त्या काळच्या लेखनाचा तो नियमच आहे. हा फरक महत्त्वाचा आहे. शोध सुरू करण्याआधी अशा सवलतींची यादी कागदावर लिहून ठेवा आणि नंतर तिच्यात भर घालू नका. माझी यादी साधारण अशी असते: ओ आणि वो एक, ए आणि ये एक, ब आणि व एक, श-ष-स एक, शब्दारंभीचा ष हा ख म्हणूनही वाचायचा, ऋ आणि रु एक, ऱ्हस्व-दीर्घ एक, अनुस्वार असला-नसला तरी चालेल. एवढंच. ‘ग’च्या जागी ‘क’ चालवून घ्यायला लागलात की काहीही सापडू लागतं.

आता ‘अक्षर’ म्हणजे काय. आपल्याकडे दोन पातळ्यांवर या रचना होतात आणि दोन्ही वेगळ्या नोंदवाव्या लागतात. पहिल्या पातळीवर पूर्ण अक्षर मात्रेसकट जुळतं. दुसऱ्या पातळीवर फक्त व्यंजन जुळतं, मात्रा मोकळी राहते. सगळ्यांना पाठ असलेलं शिवपंचाक्षर स्तोत्र पाहा. पाच श्लोकांची सुरुवात नागेन्द्र, मन्दाकिनी, शिवाय, वसिष्ठ, यक्ष (काही प्रतींत यज्ञ) अशी होते. आद्याक्षरं ना-म-शि-व-य येतात, मंत्र मात्र न-म-शि-वा-य असा आहे. पहिल्या आणि चौथ्या जागी मात्रा जुळत नाही, तरी रचना मुद्दाम केलेली आहे यात शंका नाही, कारण प्रत्येक श्लोकाच्या शेवटी ‘नकाराय’, ‘मकाराय’ असं कवी स्वतःच सांगतो. कवीची स्वतःची कबुली हा सर्वांत पक्का पुरावा. ती मिळाली तर मात्रेच्या ढिलाईनं काही बिघडत नाही. ती नसेल, तर मात्रेसकट जुळणीच मोजा. तुमच्या १३ ओव्यांत ‘जै’ वगळून बाराच्या बारा अक्षरं मात्रेसकट जुळतात, फक्त ‘ओ’ला सवलत लागते. हे जोरदार आहे.

जोडाक्षर अख्खं एक अक्षर धरायचं. ‘श्री’ म्हणजे एक. ‘श’ आणि ‘री’ असं फोडायचं नाही. संस्कृत बंधकाव्यात (अक्षरं चित्राकृतीत बसवलेल्या काव्यात) हा नियम काटेकोर पाळला जातो. माघाच्या शिशुपालवध या काव्यात १९व्या सर्गाच्या शेवटी चक्रबंध आहे. सहा आऱ्यांच्या त्या चाकाच्या एका कड्यातून ‘माघकाव्यमिदं’ आणि दुसऱ्यातून ‘शिशुपालवधः’ वाचता येतं. दोन्हींत सहा-सहा अक्षरं आहेत. ‘व्य’ एक अक्षर धरला तरच मा-घ-का-व्य-मि-दं हा हिशेब बसतो.

केवळ पहिलं अक्षर पाहून थांबू नका. टेंबे स्वामींनी रचलेल्या सप्तशती गुरुचरित्रात ओव्यांची तिसरी अक्षरं घेत गेलं की गीतेचा पंधरावा अध्याय उभा राहतो. तिथला हिशेब करून पाहण्यासारखा आहे. त्या अध्यायात २० श्लोक आहेत, त्यांपैकी १५ अनुष्टुभ (३२ अक्षरी) आणि ५ त्रिष्टुभ (४४ अक्षरी). १५ × ३२ = ४८०, ५ × ४४ = २२०, बेरीज ७००. ग्रंथाच्या नावातच सप्तशती. (तिसऱ्या श्लोकाच्या पहिल्या चरणात, ‘न रूपमस्येह तथोपलभ्यते’मध्ये, अकराऐवजी बारा अक्षरं येतात. मोजताना ते एक अक्षर अंगावर येतं, म्हणून सांगून ठेवतो.) लपवलेल्या मजकुराची अक्षरसंख्या आणि ग्रंथाची ओवीसंख्या अशी एकमेकांना धरून असते. शोधताना हाच धागा आधी पकडायचा.

म्हणून तुमच्या ७३कडे बघा. ७३ मधून ‘जै’ची एक ओवी काढली तर ७२. मंत्र १२ अक्षरांचा. ७२ म्हणजे बारा सहा वेळा. तुम्ही पहिल्या आवर्तनापाशी थांबला आहात. पुढच्या ६० ओव्या लिहून काढा आणि अक्षरं इथे द्या.

आणखी एक. ‘जै’ची ओवी ‘जैसें’नं सुरू होत असेल आणि तिच्यात मागच्याच ओवीचा दृष्टान्त असेल, तर ती नंतर कुणीतरी घातलेली असण्याची शक्यता मोठी. क्षेपक ओव्या फार वेळा दृष्टान्ताच्या रूपानं शिरतात, कारण दृष्टान्त काढला-घातला तरी कथेचा सांधा हलत नाही. त्या ओवीचा क्रमांक आणि तिच्या मागच्या-पुढच्या ओव्यांचे छापलेले क्रमांकही कळवा.

---

हलन्त

टंकनाबद्दल लिहितो, कारण निम्मे घोटाळे इथेच होतात.

स्कॅन करून यंत्राकडून अक्षरं ओळखून घेणार असाल तर बाकी मजकुराला चालेल, पण ओवीचं पहिलं अक्षर डोळ्यांनीच तपासा. शिळाछापीत घ-ध, भ-म, ब-व, थ-य, ष-प या जोड्या यंत्राला कळत नाहीत आणि ‘ख’चा ‘रव’ होतो. मधल्या अक्षराची चूक शब्दावरून कळते. आद्याक्षराची चूक मात्र थेट निष्कर्षात शिरते.

तक्ता असा करा. एका ओळीत एक ओवी. स्तंभ: अध्याय, छापलेला क्रमांक, तुमचा स्वतःचा चढता क्रमांक, पत्र आणि बाजू (४अ, ४ब), पूर्ण ओवी, मूळ आद्याक्षर, सवलती लावून सरळ केलेलं आद्याक्षर, दुसरं अक्षर, तिसरं अक्षर, शेवटचं अक्षर, शेरा. छापलेला आणि स्वतःचा क्रमांक दोन्ही हवेत, कारण पोथ्यांत आकडे गळतात किंवा दोनदा येतात. मूळ आणि सरळ केलेलं अक्षर कधीही एकाच स्तंभात ठेवू नका. पुढे कुणी शंका काढली तर मूळ दाखवता आलं पाहिजे.

ओवीच्या चार चरणांचे चार स्तंभ केलेत तर उत्तम. पोथीत मजकूर सलग असतो, चरण तोडलेले नसतात. पहिल्या तीन चरणांचं यमक जुळतं आणि चौथा आखूड असतो, त्यावरून तोडा. जिथे यमकावरून नक्की ठरत नाही तिथे शेऱ्यात तसं लिहा, अंदाजानं तोडू नका. ‘श्रीगणेशाय नमः’, पुष्पिका, ‘श्रोते म्हणती’सारखे ओवीबाहेरचे तुकडे वेगळ्या ओळीत टाका आणि त्यांना क्रमांक देऊ नका. नाहीतर पुढचा सगळा हिशेब एकानं सरकतो.

आता युनिकोडचे खड्डे.

‘आ’ हे अक्षर एकच चिन्ह म्हणून टंकता येतं, आणि ‘अ’ला काना लावूनही तसंच दिसतं. डोळ्यांना फरक दिसत नाही, यंत्राला ती दोन वेगळी अक्षरं असतात. युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण चालवलं तरी ही जोडी एक होत नाही, शोधून-बदलून हातानंच करावी लागते. जुन्या फॉन्टमधला मजकूर रूपांतरित केला असेल तर हा दोष हमखास सापडतो.

तक्त्यातलं ‘लेफ्ट’ हे सूत्र एक अक्षर मागितलं की एक चिन्ह देतं, आपलं अक्षर नाही. ‘नागेन्द्र’चा ‘न’ मिळतो, ‘श्रीपाद’चा ‘श’. काना, वेलांटी, जोड सगळं मागे राहतं. व्यंजनाच्या पातळीवरच्या ढिल्या शोधाला हे आयतंच मिळालं, पण मात्रेसकट जुळणीला निरुपयोगी.

पायथनमध्ये करत असाल तर तयार अक्षर-विभाजक वापरताना आवृत्ती तपासा. देवनागरी जोडाक्षर हलन्तापाशी (पाय मोडण्याच्या चिन्हापाशी) न तोडण्याचा नियम युनिकोडमध्ये १५.१ या आवृत्तीत, २०२३ साली आला. त्याआधीच्या नियमांवर चालणारी साधनं ‘श्री’चे ‘श्’ आणि ‘री’ असे दोन तुकडे करतात. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’चंही तेच. आवृत्तीचा भरवसा नसेल तर नियम स्वतः लिहा, तो सोपा आहे: व्यंजन आणि हलन्त ही जोडी शून्य किंवा अधिक वेळा, मग एक व्यंजन, मग असलीच तर एक मात्रा, मग असलाच तर अनुस्वार, चंद्रबिंदू किंवा विसर्ग. किंवा व्यंजनाऐवजी एक स्वतंत्र स्वर आणि त्यावर असलाच तर अनुस्वार. ‘ॐ’ला वेगळी वाट करून द्या, ते एकटंच चिन्ह आहे. शब्दारंभीचा अवग्रह (ऽ) आधी काढून टाका. अदृश्य जोडक आणि विभाजक चिन्हंही काढा. ती ओवीच्या अगदी सुरुवातीला चिकटलेली असली की पहिलं अक्षर ‘रिकामं’ येतं आणि कारण सापडत नाही.

तपासणीसाठी एक नमुना बाजूला ठेवा: श्रीराम, क्षेत्र, ज्ञान, ॐकार, ऐसें, ऱ्हस्व, आतां. यांची पहिली अक्षरं श्री, क्षे, ज्ञा, ॐ, ऐ, ऱ्ह, आ अशी आली तरच पुढे जा.

---

गणमात्र

‘गोविंद’चं गणित करतो.

तुम्ही तिथे काय-काय मोकळं सोडलंत ते आधी मोजू. मात्रा सोडल्या, म्हणजे फक्त व्यंजनं. दिशा दोन्ही चालल्या. अंतर तिसऱ्या ओवीचं मिळालं, पण पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या ओवीचं मिळालं असतं तरी तुम्ही घेतलंच असतं. सुरुवात ४१२ ओव्यांपैकी कुठूनही. म्हणजे ४१२ × २ × ५ = ४१२० जागा. एका व्यंजनाची शक्यता सरासरी ५ टक्के समजा. तीन व्यंजनं जुळण्याची शक्यता ०.०५ × ०.०५ × ०.०५ = ०.०००१२५. जागांनी गुणलं तर एका ठरावीक नावासाठी अपेक्षा (ते योगायोगानं सरासरी किती वेळा सापडेल) ०.५ पडते. पण तुम्ही ‘गोविंद’च शोधत नव्हतात. केशव, माधव, मुकुंद, गणेश, यांतलं काहीही सापडलं असतं तरी चाललं असतं. अशी तीन व्यंजनांची ३०० नावं धरा. अपेक्षा १५०च्या वर जाते. म्हणजे कसलंही नाव न लपवलेल्या ४१२ ओव्यांतसुद्धा या सवलतींनी सुमारे दीडशे नावं निघावीत. एक सापडलं यात काहीच नवल नाही.

आता मंत्राचं. मात्रेसकट एका अक्षराची शक्यता २ टक्के धरली (जास्तच धरतो आहे), तर बारा अक्षरांची शक्यता ०.०२चा बारावा घात. दशांशचिन्हानंतर वीस शून्यं आणि मग चार. एक जादा ओवी कुठेही चालेल म्हणून १३नं गुणा, सुरुवात कुठूनही म्हणून ४१२नं गुणा, प्रचलित मंत्र-नामं पन्नास धरून ५०नं गुणा. तरी हाती काही लागत नाही. योगायोगाचा प्रश्न इथे उरतच नाही.

मधल्या लांबीची, म्हणजे चार-पाच अक्षरांची सापडणी असते तिथे खरी अडचण. इलियडच्या २४व्या सर्गाच्या पहिल्या पाच ओळींची आद्याक्षरं ‘ल्यूकी’ हा ‘शुभ्र’ अर्थाचा ग्रीक शब्द देतात. पाच अक्षरं, अगदी सर्गारंभी, तरी तो सहसा योगायोगच मानला जातो. तशा वेळी सरासरी टक्क्यांवर विसंबू नका, तुमच्याच पोथीतली वारंवारता काढा. ग्रंथ-ओवीत तरी, तैसें, आतां, ऐसें, जैसें, म्हणोनि, कां, मग हे शब्द आरंभी पुन्हा पुन्हा येतात. त्यामुळे त, आ, ऐ, ज, म, क यांची टक्केवारी फार वर जाते आणि ठ, ढ, फ जवळजवळ नसतात. ‘त-म-आ’ जुळणं स्वस्त, ‘ठ’ जुळणं महाग.

नेहमी सुचवलं जाणारं परीक्षण म्हणजे ओव्यांचा क्रम हजार वेळा पिसायचा आणि प्रत्येक पिसणीत तसाच शब्द किती वेळा येतो ते मोजायचं. ते करा, पण त्यातली एक खोट लक्षात ठेवा. ओव्या एकमेकींपासून स्वतंत्र नसतात. ‘जैसें’च्या मागून ‘तैसें’ येतं, प्रश्नामागून ‘तरी’ येतं. सुटी ओवी पिसली की ज-त ही स्वाभाविक जोडी मोडते आणि खऱ्या मजकुरात ती दिसली की विलक्षण वाटायला लागते. म्हणून आठ-दहा ओव्यांचे गठ्ठे पिसा, किंवा आधीच्या अक्षरावरून पुढचं अक्षर येण्याची टक्केवारी काढून त्यावरून बनावट क्रम तयार करा.

ठरावीक अंतरानं अक्षरं उचलण्याच्या पद्धतीबद्दल मी फार सावध असतो. हिब्रू उत्पत्तिग्रंथात अशा अंतरांवर नावं सापडतात असा निबंध १९९४ साली संख्याशास्त्राच्या नामांकित नियतकालिकात आला होता. १९९९ साली त्याच नियतकालिकात दुसऱ्या गटानं दाखवलं की नावांची स्पेलिंगं आणि यादी निवडण्यात जी मोकळीक होती तिच्यातूनच तो निकाल येतो. तशीच मोकळीक घेऊन त्यांनी हिब्रू ‘वॉर अँड पीस’मधूनही तोडीस तोड निकाल काढून दाखवला.

---

कसबा_पत्र

सगळ्यांचे आभार. ‘गोविंद’ सोडला.

‘जै’च्या ओवीचे तपशील: ती ‘जैसें’नंच सुरू होते, आधीच्या ओवीतल्या गोष्टीला आरशाचा दृष्टान्त देते. छापलेला क्रमांक ६ आहे, आणि तिच्या पुढच्या ‘व’च्या ओवीचा क्रमांकही ६ आहे. तिथून पुढे ७, ८ असे बरोबर चालतात, अध्यायाच्या शेवटच्या ओवीवर ७२ छापलेलं आहे.

पुढच्या ६० ओव्या लिहिल्या. मंत्राची पाच आवर्तनं दिसतात. ६० पैकी ५७ अक्षरं मात्रेसकट जुळली, त्यांत ‘ओ’ची जागा दोनदा ‘ओ’नं आणि तीनदा ‘वो’नं भरली आहे. न जुळणारी तीन:

दुसऱ्या आवर्तनात ‘सु’च्या जागी ‘शु’, ओवीचा पहिला शब्द ‘शुद्ध’.
चौथ्या आवर्तनात ‘वा’च्या जागी ‘बा’, शब्द ‘बाचा’.
पाचव्या आवर्तनात ‘भ’च्या जागी ‘आ’, ओवी ‘आणि भक्त’ अशी सुरू होते.

बाकी चार अध्यायांत पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या अक्षरांत असं काहीच दिसलं नाही.

---

पाठभेद

छापलेले आकडे ७२वर संपतात आणि सहाचा आकडा दोनदा येतो, हे वाचून फार आनंद झाला. आद्याक्षरं जे सांगतात तेच आकडे स्वतंत्रपणे सांगत आहेत. ज्या प्रतीवरून ही पोथी छापली, किंवा तिच्याही आधीच्या प्रतीत, ७२ ओव्या आणि त्यांचे आकडे होते. कुणीतरी दृष्टान्ताची ओवी समासात (पानाच्या कडेच्या मोकळ्या जागेत) किंवा ओळीत घातली, पुढचे आकडे बदलले नाहीत. दोनदा आलेला आकडा एकटाच असता तर मी छापण्याची चूक म्हणून सोडून दिला असता.

तीन विसंगतींबद्दल. ‘बाचा’ हे ‘वाचा’चं चुकीचं वाचन आहे, ब-व यादीतच आहे. ‘शुद्ध’ अधिक बोलकं आहे. जुन्या लेखनात ‘सुद्ध’ सर्रास सापडतं. कवीनं ‘सु’साठी ‘सुद्ध’ लिहिलं आणि छापताना शोधन करणाऱ्यानं ते संस्कृतप्रमाणे ‘शुद्ध’ केलं असं मानायला जागा आहे. शोधकाला मंत्र दिसला नव्हता, दिसला असता तर हात लावला नसता. ‘आणि भक्त’मध्ये ‘आणि’ काढला की ‘भ’ मिळतो. ओवीला अक्षरांचं पक्कं बंधन नसल्यामुळे सांधा जुळवायला असा एखादा शब्द पुढे सहज चिकटतो. श्लोकात किंवा आर्येत तो चिकटला असता तर वृत्त मोडून लगेच उघडा पडला असता.

पण इथे सांभाळा. मंत्र आहे हे सिद्ध करायला ५७ हाच आकडा वापरा, ६० नको. मंत्राच्या आधारे दुरुस्त केलेली अक्षरं परत मंत्राचा पुरावा म्हणून आणली तर ते स्वतःच्याच सावलीला साक्षीदार करण्यासारखं होतं. यादीतल्या सवलतींनी जुळणारी दोन (‘शु’, ‘बा’) वेगळ्या रकान्यात दाखवा, ‘आणि’ तिसऱ्या रकान्यात.

दुरुस्ती किती फसवी असते याचं उदाहरण हिब्रू स्तोत्रसंहितेत आहे. १४५वं स्तोत्र वर्णमालेच्या क्रमानं चालतं, २२ अक्षरं आहेत, पण पारंपरिक पाठात ‘नून’ या अक्षराची ओळ नाही. जुन्या ग्रीक अनुवादात आणि मृत समुद्राजवळ कुमरानला सापडलेल्या गुंडाळीत ती आहे. मूळचीच ओळ गळाली असं म्हणता येतं. पण गाळलेली जागा पाहून कुणीतरी मागाहून ओळ रचून घातली असंही म्हणता येतं, आणि अभ्यासकांत दोन्ही पक्ष आहेत. रचना पूर्ण दिसली म्हणजे पाठ मूळचा ठरतो असं नाही.

उलट, संपूर्ण व्याप्ती हा हेतूचा मोठा पुरावा. १४९९ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या ‘हिप्नेरोतोमाखिया पोलिफिली’वर कर्त्याचं नाव नाही. त्याच्या ३८ प्रकरणांची आद्याक्षरं जोडली की ‘बंधू फ्रांचेस्को कोलोन्नानं पोलियावर अतोनात प्रेम केलं’ या अर्थाचं लॅटिन वाक्य तयार होतं. त्याची अक्षरं ६, ६, १०, ७, ९ अशी, बेरीज ३८. एकही प्रकरण उरत नाही, एकही अक्षर उरत नाही. तुमचा ७२चा हिशेब त्याच जातीचा आहे. याच्याशी वाल्मीकि रामायणातल्या गायत्रीची तुलना करून बघा. दर हजार श्लोकांना एक याप्रमाणे २४ हजारांत २४ अक्षरं, असं परंपरा सांगते. आरंभीच्या ‘तपःस्वाध्यायनिरतं’चा ‘त’ घेऊन चोवीस श्लोकांचं गायत्री-रामायण वेगळं म्हटलंही जातं. पण बडोद्याच्या चिकित्सक (हस्तलिखितं ताडून केलेल्या) आवृत्तीत एकूण श्लोक १९ हजारांच्या आत आहेत, तिथे चोविसावा हजार येतच नाही. शिवाय मंत्राची अक्षरं सरळ मोजली तर २३ भरतात, ‘वरेण्यं’ हे ‘वरेणियं’ असं वाचलं तर २४. श्रद्धेच्या जागी ती परंपरा आहे तशीच राहू द्या. पाठचिकित्सेच्या पुराव्यात तिला आणू नका.

कर्त्याच्या नावासाठी आद्याक्षरं चाळण्यात आता वेळ घालवू नका असं मी सुचवेन. आपले कवी नाव लपवत नाहीत, शेवटच्या ओव्यांत मुद्रेनं उघड सांगतात. लपवतात तो मंत्र, कारण पाठ करणाऱ्याकडून नकळत जप व्हावा. अशा ग्रंथाला म्हणूनच मंत्रगर्भ म्हणतात. मोरोपंतांनी रामायणं रचताना असे अक्षरांचे अनेक नियम स्वतःवर घालून घेतले. निरोष्ठ रामायणात तर प-फ-ब-भ-म हे ओठ मिटायला लावणारे वर्णच येऊ दिले नाहीत. नाव हवं असेल तर दुसरी प्रत शोधा.

---

जिल्हई

प्रत शोधण्याबद्दल, पुण्यात असल्यामुळे सोपं आहे. हस्तलिखितांसाठी तीन ठिकाणं: लॉ कॉलेज रस्त्यावरचं भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर, आनंदाश्रम आणि सदाशिव पेठेतलं भारत इतिहास संशोधक मंडळ. थेट पोथी मागू नका, आधी सूची पाहा. वर्णनात्मक सूचीत प्रत्येक पोथीचा ‘आदि’ आणि ‘अंत’ दिलेला असतो, म्हणजे आरंभीच्या आणि शेवटच्या ओळी. ग्रंथनामावर विसंबू नका, एकाच नावाची माहात्म्यं अनेक असतात. तुमच्या पहिल्या ओवीचे पहिले दोन चरण ‘आदि’शी ताडून पाहा, लेखनभेद सोडून जुळले तर तीच रचना. मग ‘अंत’ वाचा. तुमची दोन पत्रं जिथे गहाळ आहेत तिथलाच मजकूर त्यात असेल, मुद्रेची ओवी बहुधा तिथेच मिळेल.

छापील दुसरी आवृत्ती पुणे नगर वाचन मंदिरात विचारा, आणि अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकवाल्यांकडे ग्रंथनाम सांगून ठेवा. पोथ्या वारंवार नव्यानं छापल्या जात, पण बहुतेक आवृत्त्या आधीच्या छापील प्रतीवरूनच. छापील पाच प्रतींत ‘जै’ची ओवी मिळाली तर ते पाच साक्षीदार नव्हेत, एकच.

हस्तलिखित मिळालं तर वेळ मर्यादित असेल. म्हणून चारच जागा तपासायच्या असं लिहून न्या: दुसऱ्या अध्यायातली पाचवी-सहावी ओवी, ‘शुद्ध’ची, ‘बाचा’ची आणि ‘आणि भक्त’ची. पत्राचा आकडा बहुधा मागच्या बाजूवर असतो, पत्र नोंदवताना बाजू चुकवू नका. समास नीट पाहा. ‘जै’ची ओवी समासात हंसपदाची (राहिलेला मजकूर कुठे घालायचा ते दाखवणारी) खूण करून लिहिलेली सापडली, तर ती नेमकी कशी आत शिरली तेही कळेल.

---

कसबा_पत्र

चारही जागा आणि पहिल्या ओवीचे दोन चरण टिपून घेतले. सूचीपासून सुरुवात करतो. ‘मूळ’, ‘सवलतीनं’ आणि ‘दुरुस्तीनं’ असे तीन वेगळे रकाने केले आहेत: ५७, ५९, ६०. पहिल्या आवर्तनाची १२ अक्षरं वेगळ्या ओळीत ठेवली आहेत, कारण ती पाहूनच शोध सुरू झाला होता.

---

गणमात्र

ती वेगळी ठेवलीत हे फार बरं केलंत, मी तेच लिहायला आलो होतो. ज्या १३ ओव्यांवरून कल्पना सुचली त्या परीक्षेत धरायच्या नाहीत. नंतरच्या ६० हीच खरी परीक्षा, आणि ती ५७वर उत्तीर्ण आहे.